पश्चिमेच्या उन्हानं विटलेले पडदे अन् सोफ्यावर तर्रीचा डाग, दिवाळीच्या आधी काय काय वाचवता येईल?

बेसावाली:

नमस्कार, प्रश्न जरा लांबलचक आहे, वेळ असेल त्यांनी वाचून सांगा प्लीज. आमचा फ्लॅट नागपूरला बेसा रोडला आहे, हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला, त्यामुळे मार्च लागला की दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन सरळ आत येते. हॉलमध्ये मरून रंगाचे कॉटन-सिल्कचे पडदे आहेत, अस्तर नाही, अन् आता जी घडी खिडकीकडे येते तिथे वरपासून खालपर्यंत फिक्के गुलाबी पट्टे पडले आहेत, घडीच्या आत मात्र रंग अजून तसाच गडद. बेडरूममध्ये ब्लॅकआउट पडदे आहेत, मागून पांढरा रबरासारखा थर असलेले, तो थर या उन्हाळ्यानंतर हाताला चिकट लागून राहिला अन् एका कोपऱ्यात पापुद्रे पण सुटले. पातळ पांढरे जाळीचे पडदे पण आहेत, ते बोअरच्या पाण्यानं धुऊन धुऊन राखाडी दिसतात.

आणि सोफा. बेज रंगाचा कापडी सोफा आहे. परवा रविवारी पाहुणे आले होते, सकाळी तर्री-पोहे होते, एका छोट्या मुलाच्या हातून प्लेट कलंडली अन् तर्री सीटवर. लगेच टिपून घेतलं, मग साबणाचं पाणी लावलं तर पिवळा डाग डोळ्यादेखत लाल झाला! रंगच बदलला, आता तिथे विटकरी रंगाचा तळहाताएवढा डाग आहे. सोफा शाम्पू करून देणारे घरी येतात त्यांना बोलवावं की आधी घरी काही करता येईल? अजून एक, पावसाळाभर सोफ्याला कोंदट वास येऊन राहिला आहे, पाठ भिंतीला टेकलेली आहे अन् त्याच भिंतीवरच्या खिडकीत कूलर असतो.

नवीन सगळं घ्यायचं तर खर्च फार आहे, म्हणून जे वाचू शकते ते आधी वाचवायचं आहे.

इतवारीतला कापडवाला:

ताई, आधी पडद्याचं सांगतो, आमचं घराणंच पडद्याच्या अन् सोफ्याच्या कापडात आहे म्हणून थोडं खोलात जातो.

मरून पडद्याचा गेलेला रंग परत येत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगाचा कणच तुटतो, तो धुतला गेलेला नसतो. काच लावलेली आहे म्हणून निर्धास्त राहू नका, साधी काच अतिनील किरणांचा एक भाग अडवते पण दुसरा मोठा भाग आत सोडते, अन् नुसत्या उजेडानंही रंग जातोच. पुन्हा डाय करून घ्या असं कोणी म्हटलं तरी करू नका, कारण फिक्कट पट्टा अन् गडद पट्टा दोन्ही वेगवेगळा रंग पितात, पट्टे तसेच राहतात. आणि त्याहून महत्त्वाचं, तिथला धागा पण जीर्ण झालेला असतो. सिल्क उन्हात सगळ्यात लवकर मरते, कॉटन त्याच्या मागून, पॉलिएस्टर काचेमागे बरंच टिकते. तुम्ही असं करा, गुलाबी पट्ट्यावर दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड हलकेच ताणा. कर्रकन आवाज आला किंवा धागे सरकून फट दिसली तर तो पडदा मशीनमध्ये टाकायचा नाही, चिंध्या होऊन निघेल. पण घडीच्या आतलं कापड चांगलं असते, त्याच्या पट्ट्या काढून कुशन कव्हर, टेबल रनर मस्त होतात, एका पडद्यात बरंच कापड असते.

जे पडदे धुण्यासारखे आहेत त्यांचं पहिलं काम पाण्याचं नाहीच, धुळीचं आहे, अन् इथेच सगळे घाई करतात. आपल्याकडे रस्त्याच्या सिमेंटची धूळ, मे महिन्यातल्या वावटळी, सगळं येऊन पडद्याच्या वरच्या चुण्यांमध्ये अन् खालच्या दुमडीत बसते. तसाच पडदा बादलीत गेला की आतल्या आत चिखल होते, तो धाग्यात शिरला की पाचदा धुतला तरी पाणी मातकटच निघते. शिवाय ती बारीक रेती कडक असते, पडदा हलला की धाग्यावर घासत राहते अन् कापते, कापड चुणीच्या रेषेवरच का विरते त्याचं हे पण एक कारण आहे. म्हणून पडदा उतरवायच्या आधी रॉडवरच असताना व्हॅक्यूमला ब्रशचं तोंड लावून वरून खाली ओढायचा, व्हॅक्यूम नसेल तर उतरवून गच्चीत दोघांनी दोन टोकं धरून झटकायचा, खालची दुमड उलटी करून तिच्यातली माती झाडायची. मग हूक काढा, एकही राहता कामा नये. मग साध्या थंड पाण्यात, साबण न घालता, अर्धा तास बुडवून ठेवा अन् ते पाणी फेका. त्या पाण्याचा रंग पाहाल तर कळेल मी इतकं का लिहून राहिलो. त्यानंतर साबण.

ब्लॅकआउटचं वेगळं आहे. मागचा थर बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकचा फेस असतो, तो उष्णतेनं नरम होते, एकदा चिकट झाला अन् पापुद्रे सुटायला लागले की त्याला उपाय नाही. जे पडदे अजून चांगले आहेत ते मशीनमध्ये पिळायचे नाहीत, गरम पाणी नाही, ब्लीच नाही, घडी घालून कपाटात दाबून ठेवायचे नाहीत, थराच्या बाजूनं प्रेस तर अजिबात नाही. ओल्या फडक्यानं मागून पुसायचं, समोरचं कापड व्हॅक्यूम करायचं, अन् फारच मळला तर कोमट पाण्यात हातानं बुडवून, न पिळता टांगून निथळू द्यायचा. चिकट झालेला पडदा उतरवताना थर थराला लागू देऊ नका, चिकटून बसला तर सोडवताना सोलून येते.

धरमपेठची केमिस्ट्रीवाली:

तर्रीच्या डागाचं मी सांगते, ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते अन् हळदीचा हा प्रयोग दर वर्षी मुलांना करून दाखवते.

हळदीत जो पिवळा रंग असतो त्याला कर्क्युमिन म्हणतात. तो आम्लात पिवळा राहतो अन् अल्कलीत लाल होतो. साबण, सोडा, चुना हे सगळे अल्कली, म्हणून साबण लावल्याबरोबर लाल झाला. हळदीत चुना घातला की कुंकू होते ना, तेच तुमच्या सीटवर झालं. त्यामुळे घाबरू नका, डाग वाढलेला नाही, फक्त रंग बदलला आहे. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून फडकं ओलं करा अन् टिपा, लाल परत पिवळ्याकडे येईल. आणि खाण्याचा सोडा त्या जागेवर टाकू नका, नेटवर सगळीकडे सोडा टाका असंच लिहिलेलं असते, हळदीवर त्यानं पुन्हा लालच होणार.

पण आधी तेल. तर्री म्हणजे वरचा तेलाचाच थर, हळद अन् मिरचीचा रंग त्या तेलात विरघळलेला असतो, तेल निघाल्याशिवाय रंग निघत नाही. जागा कोरडी असेल तर कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर जाडसर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम करा, पावडर पिवळट झाली असेल तर पुन्हा एकदा टाका. नंतर सर्जिकल स्पिरिट, केमिस्टकडे मिळते. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते, अन् तेल पण थोडंफार सोबत येते. पांढऱ्या सुती फडक्याला स्पिरिट लावायचं, सोफ्यावर ओतायचं नाही. डागाच्या बाहेरच्या कडेपासून आत टिपत यायचं, फडक्यावर पिवळं आलं की फडक्याची कोरी बाजू घ्यायची. घासायचं नाही, घासलं की कापडाचे केस उभे राहतात, मग डाग गेला तरी तिथे खरबरीत चट्टा कायमचा दिसतो. खिडक्या उघड्या ठेवा अन् गॅस, उदबत्ती, निरांजन काही जवळ नको, स्पिरिट पेटते.

हे सगळं करायच्या आधी सोफ्याच्या मागे किंवा सीटच्या खाली जिथे दिसत नाही तिथे थोडं लावून पाहा, पांढऱ्या फडक्यावर सोफ्याचा रंग उतरला तर तिथेच थांबा.

शेवटी हलकी पिवळी छटा राहीलच. त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड, केमिस्टकडे साधारण ६ टक्क्यांचं मिळते, ते निम्मं पाणी घालून, तेही आधी लपलेल्या जागी लावून पाहिल्यावरच. किंवा अजून सोपं म्हणजे ऊन. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही, दिवाळीच्या आधीचं ऑक्टोबरचं ऊन त्याला पुरेसं आहे. सीट सुटी होत असेल तर डागाची बाजू वर करून दुपारी गच्चीत ठेवा, फक्त बाकी भाग जाड चादरीनं झाकून ठेवा, नाहीतर डाग जाईल पण तिथलं कापडही फिक्कट होईल.

आणि एक कळकळीनं सांगते, व्हिनेगर किंवा लिंबू लावलेल्या जागी ब्लीच लावू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत ते धोक्याचं आहे.

महालातल्या काकू:

बाई, तुमच्या सोफ्याच्या वासाचं कारण तुम्हीच लिहिलं आहे बघा. कूलरची दमट हवा सोफ्याच्या पाठीवर अन् पाठ भिंतीला टेकलेली, मग तिथे हवा खेळणार कुठून. कूलर सुरू असताना समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवावंच लागते, हवा बाहेर पडली नाही तर खोलीत नुसती ओल साचते, गार पण होत नाही अन् कापड, गाद्या, पुस्तकं सगळं ती ओल पिऊन घेते. एप्रिल-मेमध्ये इतकं कोरडं असते की वाळून जाते, खरा घात होतो जूनच्या शेवटी. बाहेर पाऊस आला असतो, हवा आधीच ओली, तरी आपण सवयीनं कूलर चालू ठेवतो. पहिला चांगला पाऊस झाला की कूलरचं पाणी बंद करायचं, नुसता पंखा चालवायचा. आमच्याकडे हा नियम सासूबाईंच्या वेळेपासून आहे, तेव्हा तर दारं-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या असायच्या, त्या पण मृग लागला की उतरवायच्या.

सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. मागचं खालचं काळं कापड असते ना स्टेपल मारलेलं, त्याला नाक लावून वास घ्या, बुरशी बहुतेक तिथेच असते. पांढरे-करडे ठिपके दिसले तर आधी कोरड्या ब्रशनं झाडा, पण ते घराबाहेर, गॅलरीत नेऊन, तोंडाला फडकं बांधून, नाहीतर ती बुरशी घरभर उडते. मग दोन-तीन दुपार ऊन-वारा दाखवा. सोफा उचलून नेणं जमत नसेल तर आडवा करून पोटाकडून टेबलफॅन लावा. गाद्यांना ऊन दाखवतोच ना आपण, मग सोफ्यात पण गादीच आहे, त्याला पण वर्षातून दोनदा दाखवायला पाहिजे, एकदा होळीनंतर अन् एकदा दसऱ्याच्या आधी.

वासासाठी खाण्याचा सोडा चालेल पण तर्रीची जागा सोडून, मॅडमनी सांगितलंच आहे.

आणि पडदे दोन जोड ठेवावे असं माझं मत आहे. उन्हाळ्याचे जाड, पावसाळ्याचे हलके. जाड पडदे पावसाळ्यात तसेच लटकत राहिले की ओल अन् धूळ दोन्ही धरतात. ठेवताना धुऊन, कडकडीत वाळवून, जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेवायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. खळ करून तर बिलकुल ठेवू नका, खळीवर कसर येते, कापडाला भोकं पाडते. खळ घालायची ती लावायच्या वेळी. कडुलिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण सुकलेला, ओलसर पाल्याचे हिरवट डाग पडतात.

इतवारीतला कापडवाला:

काकूंचं दोन जोडांचं म्हणणं मला एकदम पटलं. फक्त एक जोडतो, रंगीत पडदे वाळवताना उन्हात नको, सावलीत अन् उलटे करून. पांढरे खुशाल उन्हात टाका.

बेसावाली, तुमच्या जाळीच्या पडद्यांचं राहिलंच होतं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असते, साबणाची वडी वापरली की त्याची न विरघळणारी साय होते अन् ती कापडावर बसते, तोच तो राखाडी रंग. वडी बंद करा, डिटर्जंट पावडर किंवा लिक्विड वापरा, जमलं तर शेवटचं पाणी नळाचं घ्या. आता बसलेला थर काढायला एका बादलीत दोन चमचे लिंबाचं सत घालून तासभर भिजवा, मग साध्या पाण्यातून काढा. जाळी बहुतेक पॉलिएस्टरची असते, तिला जास्त गरम पाणी देऊ नका, चुण्या पक्क्या बसतात, नंतर प्रेसनं पण जात नाहीत. ओली असतानाच रॉडवर टांगा, स्वतःच्या वजनानं सरळ होते, प्रेस लागतच नाही.

बेसावाली:

सगळ्यांचे खूप आभार, इतकं बारकाईनं सांगितलं. पावडर अन् स्पिरिटनं डाग पुष्कळ कमी झाला, आता नुसती पिवळट सावली दिसते, उद्या सीट गच्चीत ठेवते. सोफ्याच्या खाली लेबल सापडलं, त्यावर डब्ल्यूएस असं लिहिलं आहे, त्याचा अर्थ काय? सीटच्या कव्हरला मागून चेन आहे, मग काढून मशीनला लावू का? आणि हॉलला नवीन पडदे घ्यावेच लागणार, अंगठा लावून पाहिला तर कापड खरंच फाटलं. यावेळी काय पाहून घेऊ?

त्रिमूर्तीनगर शिलाईवाली:

मी पडदे अन् सोफा कव्हर शिवते, म्हणून चेनचं आधी सांगते. ती चेन धुण्यासाठी नसते, फोम आत घालता यावा म्हणून असते. मशीनमधून कव्हर काढलं की थोडं आकसते, फोम तेवढाच राहतो, मग परत चढवताना कोपरे बसत नाहीत अन् चेनजवळची शिलाई उसवते. शिवाय एकच कव्हर धुतलं तर बाकीच्या सीटपेक्षा ते वेगळ्या रंगाचं दिसते. कव्हर सीटवरच राहू द्या.

लेबलवर नुसतं डब्ल्यू असेल तर पाण्याचा क्लीनर चालतो, एस असेल तर पाणी नको, फक्त ड्रायक्लीनचं सॉल्व्हंट, डब्ल्यूएस म्हणजे दोन्ही चालतात, अन् एक्स असेल तर नुसतं व्हॅक्यूम. तुमचं सगळ्यात सोयीचं आहे. पण पाणी चालते म्हणजे ओतायचं असं नाही. थोड्या पाण्यात एक चमचा लिक्विड घालून घुसळा, वर जो फेस येतो फक्त तो फेस स्पंजनं लावा. आणि डागापुरतं गोल पुसू नका, एका शिलाईपासून दुसऱ्या शिलाईपर्यंत पूर्ण पट्टा पुसा. मधेच थांबलं की पाणी वाळताना मळ कडेला ढकलते अन् तिथे कडा उमटते, डाग निघतो पण कड राहते. झालं की लगेच फुल स्पीडवर पंखा. डाग गेला असेल तर शाम्पूवाल्यांना घाई करून बोलवायची गरज नाही. बोलवलंच तर एवढं नक्की विचारा की मशीननं पाणी परत किती ओढून घेतात, कारण फोममध्ये पाणी राहिलं की वास आधीपेक्षा वाढतो. दुपारी बारापर्यंत काम संपेल अशाच वेळी बोलवा, म्हणजे संध्याकाळपर्यंत वाळेल.

आता नवीन पडदे. पश्चिमेच्या खिडकीला अस्तर पाहिजेच पाहिजे, क्रीम किंवा पांढऱ्या कॉटनचं. ऊन अस्तर खाते, मुख्य कापड वाचते, अन् अस्तर विरलं की नुसतं तेच बदलता येते. पण अस्तर खालून मुख्य कापडाला पूर्ण शिवून घेऊ नका, फक्त वरून शिवा, खाली दोन-चार ठिकाणी सैल टाका. दोन कापडं वेगवेगळी आकसतात, शिवून टाकलं की पहिल्याच धुण्यात पडदा खालून गोळा होतो. गिऱ्हाईक घाई करतात म्हणून बरेच जण शिवून मोकळे होतात, तुम्ही मुद्दाम सांगा.

कॉटन घेतलं तर आधी भिजवून मगच शिवायला द्या. ३ ते ५ टक्के आकसते, ७ फुटांच्या पडद्यात म्हणजे अडीच ते चार इंच, तेवढ्यात जमिनीला टेकणारा पडदा टाचेच्या वर येते. भिजवायचं नसेल तर खालची दुमड सहा इंचांची दुहेरी ठेवायला सांगा, नंतर उसवून सोडता येते. व्हिस्कोस किंवा रेयॉन चमकते सुंदर पण ओलं झालं की त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते, रोजच्या वापराच्या खिडकीला घेऊ नका. माझं मत विचाराल तर पश्चिमेला पॉलिएस्टर किंवा पॉलिएस्टर-कॉटन, फिक्का रंग, मागे अस्तर. मरून, जांभळा, गर्द निळा, हे रंग उडले की लांबून दिसते, हेच बेज-राखाडी उडालं तर कळत पण नाही. दुकानात कापडाची लाइट फास्टनेस, म्हणजे उजेडात रंग किती टिकतो ते विचारा, तो आकडा १ ते ८ असतो, जास्त तेवढा चांगला, चांगल्या कंपन्यांच्या सॅम्पल बुकच्या मागे छापलेला असतो. अन् गांधीबागेत कापड पाहायला गेलात तर थान दाराशी आणून उजेडात पाहा, आतल्या ट्यूबलाइटमध्ये रंग भलताच दिसतो.

बेसावाली:

हे अस्तराचं कोणीच सांगितलं नव्हतं मला. एक शेवटचं, जाळीच्या पडद्यांना वर हुकांच्या जागी तांबूस डाग आहेत, ते लिंबाच्या सतानं जातील का?

त्रिमूर्तीनगर शिलाईवाली:

तो गंज आहे, हूक लोखंडी असतील. त्यावर ब्लीच चुकूनही नको, गंज अजून पक्का होतो. लिंबाच्या सताची पेस्ट चालेल, किंवा लिंबाचा रस अन् मीठ लावून उन्हात अर्धा तास ठेवा, वाळू देऊ नका, मधेमधे रस टाकत राहा, मग भरपूर पाण्यानं धुवा. जुना डाग दोन-तीन वेळा करावा लागते. अन् पडदे परत लावताना प्लॅस्टिकचे नाहीतर स्टीलचे हूक घ्या, सीताबर्डीत पाकिटानं मिळतात. तुमची खिडकी कूलरजवळ आहे, लोखंडी लावले तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच डाग येतील.